न गाळलेली हवा

कोकणातल्या एका नेमबाजी क्लबात हेमलता साळवीच्या एअरगनची हवेची टाकी आतून गंजू लागली. टाकी भरणाऱ्या क्लबच्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर ओलही आत जात होती आणि निवड चाचणी तर तोंडावर आलेली. तिने अध्यक्ष सुर्व्यांकडे हवेतली ओल गाळणारा फिल्टर मागितला.

"अगं, चहा गाळतात. हवा कोणी गाळतं का?" अध्यक्ष सगळ्यांदेखत हसले. "आपली हवा म्हणजे अमृत! मुंबईकर ती खायला येतात."

हेमलता उठली. कॉम्प्रेसरच्या तळाची तोटी उघडून तिने आत साठलेलं गढूळ पाणी पेल्यात घेतलं आणि अध्यक्षांपुढे ठेवलं.

"हे काय आणलंस?"

"अमृत, साहेब. न गाळता आणलंय. घ्या."

अध्यक्षांनी पेल्याचा वास घेतला. मग हवा भरायला आणलेली स्वतःची नवी एअरगन हळूच मागे ओढत ते म्हणाले, "आधी फिल्टर मागवा."