न बुडणारं बेट

"हे बेट दिवसातून दोनदा बुडतं! माझ्या राजाचं बेट बुडतं म्हणजे काय? बंद करा हे!"

फिरंगी आरमाराचा दर्यासारंग दोम पाश्काल वाळूत पाय आपटत ओरडला. वेलदोडी बेटांवरचे कोळी त्याच्यासमोर माना खाली घालून उभे होते.

बेट कसलं, तो कासवपाठ नावाचा खडक होता! ओहोटीला वर यायचा, भरतीला गडप व्हायचा. त्यावर खेकड्यांशिवाय कुणी राहत नव्हतं. पण वेलदोड्याच्या व्यापारासाठी फिरंगी आणि वलंदेज, म्हणजे डच, एकमेकांच्या उरावर बसले होते. सगळी बेटं वाटून झाली आणि शेवटी हा खडक तेवढा उरला. ओहोटी लागली की फिरंगी त्यावर निशाण रोवायचे. वलंदेज तोफा डागून ते पाडायचे आणि आपलं रोवायचे. मग फिरंगी तोफा डागायचे. तेवढ्यात भरती यायची आणि रोवलेलं निशाण, मग ते कुणाचं का असेना, घेऊन जायची. आदल्या दिवशी फिरंग्यांचं निशाण वाहून जाताना वलंदेजांचा दर्यासारंग फान ब्रोक दुर्बिणीतून बघून खदाखदा हसला होता. दोम पाश्कालला ते फार लागलं होतं.

गावचा म्हातारा हरबा नाखवा हात जोडून म्हणाला, "सरकार, भरती आम्ही नाही हो आणत. चंद्र आणतो."

"मग चंद्राला सांगा! अमावास्येच्या उधाणाला मी स्वतः बघायला येणार. बेट पाण्यावर दिसलं पाहिजे आणि माझं निशाण कोरडं! नाही तर तुमच्या सगळ्या होड्या फोडून सरपण करीन!"

आणि त्याने होड्यांवर शिपाई बसवले.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी दर्याला नारळ वाहिला, कुणी खडकाभोवती भिंत बांधू म्हणालं. धर्मी नावाची एक कोळ्याची पोर मात्र किनाऱ्यावर आपल्या होडीकडे बघत बसली होती. ती दोन्ही आरमारांना सुकी मासळी विकायची, त्यामुळे दोघांचीही भाषा तिला येत होती. बाप दर्यात गेल्यापासून ती आणि तिची आई त्या एका होडीवर जगत होत्या. होडीचं सरपण झालं तर खायचं काय?

भरती चढत होती. दाव्याला बांधलेली होडी हळूहळू पाण्याबरोबर वर येत होती. बघता बघता धर्मीला हसू फुटलं. ती उठली आणि तडक दोम पाश्कालपुढे जाऊन उभी राहिली.

"सरकार, तुमचं बेट बुडणार नाही. फक्त कामाला दोन होड्या द्या आणि तुमच्या तोफा गप्प ठेवा."

"तोफा कशाला गप्प?"

"बेट दचकतं, सरकार. दचकलं की खाली बसतं."

दोम पाश्कालने गंभीरपणे मिशीवरून हात फिरवला. "मला हा संशय होताच!"

तोफा थांबल्या. समोरचे गप्प का, या काळजीने वलंदेजही गप्प बसले. रोज ओहोटीला गावकऱ्यांनी पहारी घेऊन कासवपाठीचा माथा फोडला आणि दगड दोन होड्यांत भरले. अमावास्येला धर्मीने दोन्ही होड्या खडकाच्या बरोबर वर नांगरल्या आणि एकीवर फिरंगी निशाण चढवलं.

उधाण आलं. पाणी फुगलं. दोम पाश्काल आपल्या जहाजाच्या कठड्यावरून ओरडला, "बुडालं! माझं बेट बुडालं!"

"कुठे बुडालं, सरकार? हे काय, तुमच्यासमोर डोलतंय!" धर्मी होडीतून ओरडली. "कासवपाठीचा माथा, खेकड्यांसकट! आता दर्या जेवढा चढेल, तेवढं बेटही चढेल. आणि निशाण बघा, कसं कोरडं ठणठणीत आहे!"

दोम पाश्कालने होडीकडे बघितलं, निशाणाकडे बघितलं. त्याची मिशी थरथरली आणि तो हसत सुटला.

एवढ्यात वलंदेजांचं जहाज अंगावर आलं. "चोर!" फान ब्रोक गरजला. "आमचं बेट होडीत घालून पळवता?"

"आमचं!" दोम पाश्काल गरजला.

दोन्हीकडे तोफांच्या बत्त्या पेटल्या आणि मधोमध धर्मीची होडी!  ती होडीत उभी राहिली आणि एकदा या भाषेत, एकदा त्या भाषेत ओरडली.

"थांबा! दुसरी होडी काय उगाच भरली? अर्धं बेट हिच्यात, अर्धं तिच्यात. एकेक घ्या आणि भांडण मिटवा!"

"माझ्या राजाला अर्धं?" दोघे एका सुरात किंचाळले. आजवर त्यांचं एकमत झालं ते एवढंच!

"अर्धं कशाला, सरकार? जो आपल्या राजापुढे आधी नेऊन ठेवील, त्याचंच ते बेट! मागून येणाऱ्याचे नुसते दगड!"

दोघांनी एकमेकांच्या जहाजाकडे बघितलं. मग फान ब्रोक ओरडला, "दगड भरा! शिडं चढवा!"

दोन्ही जहाजांवर एकच पळापळ उडाली. टोपल्यांनी दगड वर चढले, खेकडे खलाशांची बोटं धरून लोंबकळले. दोम पाश्काल घाम पुसत खाली वाकला.

"पोरी, तू मला फसवते आहेस, हे मला कळतंय!"

"मग थांबता का, सरकार?"

त्याने वलंदेजांच्या फुगू लागलेल्या शिडांकडे बघितलं. "कसा थांबू? तो पुढे जाईल ना!" असं म्हणून तो एवढा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "माग, काय हवं ते माग!"

"होड्या सोडा, सरकार. आणि तुमचा तो मोठा नांगर देऊन टाका."

"नांगर? तो गं कशाला?"

"तो पाण्यातून वर ओढत बसलात तर वलंदेज पुढे जाईल. आणि नांगरच नसला, म्हणजे परत इथे थांबायची तसदीही नको!"

दोम पाश्काल पोट धरून कठड्यावर आडवाच झाला. हसता हसता त्याने कसाबसा हात वर केला आणि हुकूम सोडला, "सोडा त्यांच्या होड्या! आणि कापा तो दोरखंड! नांगर या पोरीचा!"