मिस्टरांना पाठवा

गॅरेजमध्ये रंगाचा फवारा मारायला हेमांगीला एक जुना कंप्रेसर हवा होता. शाळेच्या चाळीस बाकांचं काम हातात होतं, त्यामुळे फसून चालणार नव्हतं. पण मिरजेतल्या तीन दुकानांत तिला एकच वाक्य ऐकायला मिळालं, "ताई, मिस्टरांना पाठवा."

चौथ्या दुकानात भंडारेशेठही तेच म्हणाले. वर एका कंप्रेसरच्या ताज्या निळ्या रंगाच्या टाकीवर थाप मारून म्हणाले, "यातनं चिमूटभर हवा जाणार नाही! पण बायकांना ते कसं कळणार?"

"खरंय बाई," हेमांगी वैतागून म्हणाली. सकाळपासून ऐकून ऐकून तिलाही ते पटलं असावं, असं शेठना वाटलं. "ह्यांनाच बोलावते. तोवर टाकी भरून मशीन बंद ठेवा. कुणी हात लावलेला ह्यांना चालत नाही."

शेठनी टाकी गच्च भरली. दाबाचा काटा आठवर गेला. मशीन बंद करून त्यांनी चहा मागवला.

अर्ध्या तासाने मिस्टर स्कूटरवरून आले. ते कॉलेजात संस्कृत शिकवत. शेठ लगबगीने उठले. "या साहेब, बघा मशीन!"

साहेबांनी दुकानभर नजर फिरवली. "यातला कंप्रेसर कुठला?"

शेठ चाटच पडले. "ताई, मग यांना बोलावलंत कशाला?"

"त्यांना यायला अर्धा तास लागतो म्हणून," हेमांगीने काट्याकडे बोट दाखवलं. काटा तीनवर आला होता. "आता आतला चांगला कंप्रेसर काढा. ह्यांना अजून अर्धा तास सवड आहे."