न सांगता केलेलं काम

परगावचं बाळंतपण उरकून धुरपदा सुईण उंबरगडला परतली, तर तिला स्वतःचं घरच ओळखू येईना. जागा तीच, राजवाड्याच्या मागच्या भिंतीला खेटून. पण मातीच्या अंगणात फरशी आली होती. साध्या दाराच्या जागी नक्षीची चौकट उभी होती. आत जमिनीलाही फरशी, भिंतींना चुन्याचा गिलावा, आणि मागचं दार तर बुजवूनच टाकलेलं! जाताना तिने रखमाजी गुत्तेदाराला फक्त सरकलेली कौलं नीट बसवायला सांगितलं होतं, आणि त्याचे पैसेही आगाऊ दिले होते.

रखमाजी तिच्याच नव्या ओट्यावर पान चघळत बसला होता. तो म्हणाला, वर चढलो तर घराची दशा बघवेना, म्हणून सगळंच काम करून टाकलं. आता दोनशे रुपये काढ, नाहीतर घर लिहून दे. चुना-विटा ठेवायला त्याला ही जागा कधीपासून हवी होती, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं.

"तुला सांगितलं कोणी होतं?" धुरपदाने विचारलं.

"चांगल्या कामाला सांगावं लागत नाही, बाई."

प्रकरण भगवंतराव राजांपुढे गेलं. राजे मनाचे वाईट नव्हते, पण तोंडातून निघालेला शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यातून रखमाजीने त्यांना नुकतंच ऐसपैस न्हाणीघर बांधून दिलं होतं, वरून उघडं, भरपूर उन्हाचं. राजे त्याच्यावर बेहद्द खूश होते.

"काम झालंय ना? मग मजुरी द्यायची," राजे म्हणाले. "सांगितलं होतं की नव्हतं, हे आमच्या राज्यात कोणी विचारायचं नाही."

धुरपदा म्हणाली, मला त्याचं काम नकोच आहे, उचलून घेऊन जाऊ दे. राजांना गंमत सुचली.

"नको ना? मग दसऱ्यापर्यंत त्याच घरात राहून दाखव. रखमाजीच्या कामाला हात लागला किंवा पाय लागला, की घर त्याचं. नाही लागला तर एक पैसाही देऊ नकोस."

दरबार खो खो हसला. दार त्याचं, अंगण त्याचं, जमीन त्याची. बाई राहणार कुठे, हवेत?

धुरपदा रस्त्यावर उभी राहून बराच वेळ घराकडे बघत राहिली. याच घरात ती नवरी होऊन आली होती. डोळे भरून आले, ते तिने पदराने पुसले, आणि पुसता पुसता तिची नजर कौलांवर गेली. कौलं तर तिने सांगून, पैसे मोजून बसवून घेतली होती!

शेजारच्या कासाराच्या भिंतीवरून ती छपरावर चढली. चार कौलं काढली, आतल्या आपल्या जुन्या तुळईला लुगड्याची झोळी बांधली आणि तीत उतरली. जन्मभर दुसऱ्यांची पोरं झोळीत निजवणारी धुरपदा स्वतःच झोके घेत झोपली. सकाळी कासारीण काठीला बांधून भाकरी वर पोचवायची, आणि धुरपदा आढ्यावर ऐटीत बसून खायची.

तिथून राजांचं नवं न्हाणीघर स्वच्छ दिसत होतं.

पहिल्या सकाळी तिचा खणखणीत आवाज आळीभर घुमला. "ऐका हो ऐका! महाराज मिशीला कलप लावतायत!" दुसऱ्या सकाळी, महाराज पालीला घाबरून पाटावर चढलेत. तिसऱ्या सकाळी, वैद्याने गोड बंद केलंय, तरी महाराजांनी घंगाळामागून जिलेबी काढली! ही शेवटची बातमी राणीसाहेबांच्या महालापर्यंत पोचली, आणि महाराजांना ओल्या अंगानेच जाब द्यावा लागला.

राजे लाल होऊन धुरपदाच्या घरापुढे आले. मागे रखमाजी, त्याच्यामागे सगळं गाव.

"खाली उतर! आम्हाला उघडं बघतेस, लाज नाही वाटत?"

"तुमची पहिली अंघोळ मीच घातली, महाराज. तेव्हापासून नवीन काय आहे त्यात? आणि उतरू कशी? खाली फरशी गुत्तेदाराची आहे."

"आमच्या न्हाणीघराची दवंडी पिटायला तुला सांगितलं कोणी होतं?"

धुरपदाने पदर नीट केला. "कोणीच नाही. पण काम झालंय ना, महाराज? मग माझी मजुरी द्या. सांगितलं होतं की नव्हतं, हे तुमच्या राज्यात कोणी विचारायचं नाही."

राजांच्या कलप लावलेल्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे हसत सुटले की त्यांना रखमाजीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. हसू ओसरल्यावर त्यांनी निकाल दिला. रखमाजीने मागचं दार स्वतःच्या हाताने मोकळं करायचं, उरलेलं काम बाईला फुकट, आणि दवंडीची मजुरी दोनशे रुपये, तीही रखमाजीनेच भरायची. न्हाणीघर उघडं ठेवलं होतं त्यानेच!

"आता मात्र तोंड बंद ठेव," राजे म्हणाले.

"हे काम तुम्ही सांगून देताय, महाराज," धुरपदा आढ्यावरूनच म्हणाली. "याची मजुरी आधी ठरवू."

राजे पुन्हा हसले, आणि दर दिवाळीला एक पैठणी देण्याचं तिथल्या तिथे कबूल करून बसले.