उंबऱ्याशी थांबणारा पाहुणा

एक होता राजा. पण त्याची गोष्ट नाही सांगत मी. तो आपला लोडाला टेकून बसायचा. गोष्ट आहे त्याच्यापुढं सतार वाजवणाऱ्या उस्तादाची. नाव रुस्तुमबेग. सरका जरा, पाय पांघरुणात घ्या.

तर हा रुस्तुमबेग. त्याच्या पणज्याच्या वेळी मुलखात सतार नवीच होती. पणज्यानं भोपळ्याला दांडी जोडून तारा ताणल्या, तर लोक हसले. म्हणाले, हा काय भोपळा खाजवतोय. मग ऐकायला लागले आणि हसायचं विसरले. पणज्यानं आजोबाला शिकवलं, आजोबानं बापाला, बापानं ह्याला.

ह्या घराण्याकडं तीन गती होत्या. गत म्हणजे सतारीवर वाजवायची बांधलेली चीज, बरं का. पहिली वाजवली की पिसाळलेला हत्ती गुडघे टेकायचा. दुसरी वाजवली की वादळात दिवा विझायचा नाही. आणि तिसरी वाजवली की माणसाला न्यायला आलेला काळ उंबऱ्याशी थांबायचा. त्याला ती फार आवडायची. ऐकता ऐकता वेळ टळून जायची, मग घोंगडी झटकून तो परत जायचा. त्याचं नाव कुणी घेत नसे, पाहुणा म्हणत. पण पिकल्या पानासाठी ती गत वाजवायची नाही, असा घराण्याचा नेम होता.

रुस्तुमबेगला मुलगा नव्हता. तीन मुली होत्या. आणि त्या लोकांत रीत अशी, की सोनंनाणं नसलं तर लेकीच्या लग्नात गत द्यायची. जावई ती शिकला की ती त्याच्या घरची. बापानं मग ती पुन्हा वाजवायची नाही. वडीलधाऱ्यांसमोर तशी शपथ घ्यायची.

थोरलीच्या लग्नात हत्तीची गत गेली. मधलीच्या लग्नात दिव्याची गेली. राहिली धाकटी, मेहरू. हिच्यासाठी ठरवलेला जावई यासीन, गरीब स्वभावाचा पण चिवट. रुस्तुमबेग त्याला तिसरी गत शिकवायला बसला.

पण त्याच्या मनात आलं, ही पण गेली की माझ्याकडं उरलं काय? बाप सांगून गेला होता, शिकवताना हातचं राखून शिकवावं. मग त्यानं काय केलं, गतीच्या शेवटी एक इवलासा तुकडा होता, तो गाळला. दोन्ही टोकं अशी जुळवली, की यासीनला कळलंसुद्धा नाही.

पडद्याआड बायको तांदूळ निवडत होती. साबिरा तिचं नाव. तिला कळलं. जन्मभर ऐकत आलेली ती.

"मियाँ," ती म्हणाली, "दुधात पाणी घालणारा गवळी तरी बरा. तो माप भरून देतो."

"तू तांदूळ निवड. देईन पुढं कधीतरी."

"कधी? कबरीत बसून शिकवणार का?"

मग लग्न झालं. रुस्तुमबेगनं सगळ्यांसमोर शपथ घेतली, की गत पुरती दिली, आता वाजवणार नाही.

वर्ष सरलं. मेहरू बाळंतपणाला माहेरी आली. सकाळी कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी सुटका होईना. सुईण बाहेर आली आणि नुसतीच भिंतीला टेकून उभी राहिली. तेवढ्यात अंगणात पाहुणा आला. काळी घोंगडी, अनवाणी पाय.

यासीननं सतार घेतली आणि तिसरी गत धरली. पाहुणा उंबऱ्याबाहेर थांबला, मान डोलवायला लागला. रुस्तुमबेगला हायसं वाटलं.

मग ती गाळलेली जागा आली. पाहुण्याची मान थांबली. त्यानं एक पाय उंबऱ्यावर ठेवला.

यासीननं पुन्हा पहिल्यापासून धरली. साबिरा हळूच म्हणाली, "तुम्ही वाजवा." रुस्तुमबेगचा हात सतारीकडं गेला. पण ओट्यावर तेच वडीलधारे बसले होते. वाजवलं तर शपथ मोडणार, आणि चोरीही उघडी पडणार. हात मागं आला. पुन्हा ती जागा आली. पाहुण्याचे दोन्ही पाय उंबऱ्यावर आले.

"अब्बा," आतून मेहरू म्हणाली, "तुम्ही वाजवायचात तेव्हा इथं अजून काहीतरी होतं ना?"

रुस्तुमबेगनं मान खाली घातली. तिसऱ्यांदा ती जागा आली आणि पाहुणा घरात आला.

तेव्हा कुठं रुस्तुमबेगनं जावयाच्या हातातली सतार ओढली. पुरी गत वाजवली, तुकड्यासकट. पाहुणा मेहरूच्या उशाशी जाऊन बसला.

"हेच ऐकायचं होतं मला," तो म्हणाला. "पण बाबा, मी आता उंबऱ्याच्या आत आहे. आत आलेला रिकामा परत जात नाही. तू वाजव. वाजतंय तोवर बसतो."

मग रुस्तुमबेग वाजवत राहिला. बोटं फाटली, तारा लाल झाल्या. तेवढ्यात बाळ झालं. मुलगी. मेहरूनं तिला उराशी धरलं, तिचं कपाळ हुंगलं. दिवेलागणीला तार तुटली. पाहुणा उठला आणि मेहरूला घेऊन गेला. बाळाकडं त्यानं पाहिलं नाही.

रुस्तुमबेगनं स्वतःच ओट्यावर जाऊन सगळं सांगितलं. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. यासीन मात्र त्याच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही.

मग रुस्तुमबेग त्याच उंबऱ्यावर सतार घेऊन बसायला लागला. जो येईल त्याला ती गत शिकवायचा. भिश्ती आला, भिश्त्याला. कुंभारीण आली, कुंभारणीला. आणि नातीला तर मांडीवर घेऊन. राजाचे लोक म्हणाले, "उस्ताद, घराणं बुडवलंत." तो म्हणाला, "बुडू दे."

मग काय झालं, घराघरातून ती गत ऐकू यायला लागली. पाहुण्याला तिचं अप्रूप राहिलं नाही. आता तो कुणाच्याच उंबऱ्याशी थांबत नाही, बाळांनो. खोटं कशाला सांगू.

पण नात मोठी झाली, आजोबापेक्षा सरस वाजवायला लागली. तिच्यापाशी शिकलेल्यांनी पुढं शिकवलं, त्यांनी आणखी पुढं. साबिरानं नातीचं लग्न पाहिलं, यासीनही त्या दिवशी सासऱ्याच्या पानात स्वतः वाढायला उठला. सगळे सुखानं राहिले, जमेल तितके.

आणि त्या गतीत अजून एवढा गुण उरला आहे, की लहान मूल ऐकता ऐकता झोपतं. तुम्ही डोळे मिटा. मी गुणगुणते. सगळी गुणगुणते, तो तुकडासुद्धा.