हंसभाषेतलं वाक्य

त्या राज्यात राजहंसांची भाषा येणाऱ्यालाच उंच झाडावर घरटं बांधता येई. तसा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. पण चालत आलं होतं खरं. भाषेचं गुरुकुल समुद्रापलीकडच्या बेटावर होतं, आणि तिथली जागा नक्की करून देण्याचं काम तळ्याकाठचा एक बगळा करी.

झुडपातलं घरटं सापाने दुसऱ्यांदा लुटलं, तेव्हा एक तरुण साळुंकी आईला घेऊन बगळ्याकडे गेली. त्याने आस्थेने चौकशी केली. किती आठवडे शिकायचं, शिकवणी सकाळपुरती हवी की दिवसभराची, उतरायचं कुणाच्या घरट्यात. आपल्याला हंसभाषेचा एक शब्दही येत नाही, हे साळुंकीने चाचरत सांगितलं.

"मग तर उत्तमच," बगळा म्हणाला. "पहिल्या वर्गात बसवतील." आणि त्याने प्रवेशाचं पान तिच्या चोचीत दिलं.

नऊ दिवस उडून ती बेटाच्या वेशीवर पोचली. द्वारपाल हंसाने पान नीट पाहिलं आणि काहीतरी विचारलं. तिला कळेना. त्याने पुन्हा विचारलं, तितक्याच सौजन्याने. शेजारच्या खडकावर बसलेल्या कुरव पक्ष्याला तिची दया आली. इथे कशासाठी आलीस, असं तो विचारतोय, हे त्याने तिला समजावलं.

"त्याची भाषा शिकायला. सांगा ना त्याला."

"मी सांगून चालत नाही, पोरी. तुलाच सांगावं लागतं, त्याच्या भाषेत."

तिने आपल्याच बोलीत तीनदा सांगितलं. हंसाने शांतपणे ऐकून घेतलं, पान परत केलं, एक छोटंसं वाक्य उच्चारलं आणि तो पुढच्या पक्ष्याकडे वळला. त्या वाक्याचा अर्थही कुरवानेच सांगितला: तुझ्यासाठी इथे जागा नाही.

ती परतली तेव्हा बगळ्याने हळहळ व्यक्त केली. गुरुकुलातली जागा अजून तिचीच होती म्हणे. वेस तेवढी त्याच्या हातात नव्हती.

झुडपांतले सगळे मात्र तिच्याभोवती गोळा झाले होते. काय झालं ते तिला सांगवेना. आई म्हणाली, "शिकलीस ते एकदा ऐकव गं."

साळुंकीचा गळा ऐकलेलं विसरत नाही. हंसाचं ते वाक्य त्याच्याच स्वरात बाहेर पडलं. आईने डोळे पुसले. साळुंकी अर्थ सांगू लागली, पण त्या आनंदाच्या किलबिलाटात तिचं कुणाला ऐकूच गेलं नाही.

दिवस मावळायच्या आत झुडपाझुडपांतून आया पिल्लांना समोर बसवून ते वाक्य घोकून घेत होत्या, आणि पिल्लं माना उंच करून, एकही उच्चार न चुकता, ते म्हणत होती.