बारतोंडीची मुळं

झाडं माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. साळवाडीत हौंसा नावाची विणकरीण होती. गावामागच्या डोंगरावर तिचा फार जीव. देवळासाठी तिने त्या डोंगराचंच चित्र असलेला पडदा विणायला घेतला. बाकीचे रंग मिळाले, पण उगवतीच्या लालीसाठी बारतोंडीची मुळं हवी होती. डोंगरावर बारतोंडीचं एकच झाड उरलं होतं.

हौंसा कुदळ घेऊन गेली.

“कशाला आलीस, बाई?” बारतोंडीने विचारलं.

“तुझी मुळं न्यायला. पडद्यावर तुलाही विणीन. लोक पिढ्यान्‌पिढ्या तुला बघतील.”

“आणि पाखरं कुठं बसतील गं?”

हौंसाने पहिला घाव घातला. एक ओलं, जाडजूड मूळ उघडं पडलं. मग मात्र तिचा हात उठेना. तिने माती परत लोटली, पायाने दाबली आणि ती घरी आली.

पडदा देवळात लागला, तेव्हा त्यातलं आभाळ कोरंच होतं.

गुरव म्हणाला, “हौंसाबाई, काम अपुरं राहिलं की!”

“राहिलं खरं,” हौंसा म्हणाली. “उगवती तेवढी डोंगरावर जाऊन बघा, काका. बसायला सावली आहे तिथं.”