सरासरीचं पान

“...म्हणजे महागाई पाचच टक्के?” माईंनी विचारलं.

“पाचच,” यशोधन म्हणाला. “म्हणून अनुदानही पाच टक्क्यांनीच वाढवलं.”

मठातल्या निराधार म्हाताऱ्यांच्या जेवणाचं सरकारी अनुदान ठरवणाऱ्या समितीचा तो प्रमुख होता. लहानपणी याच मठात वाढला, मठ चालवणाऱ्या माईंकडेच शिकला. आता निर्णयावर स्वतः सही करून आला होता. माई पाठीवरून हात फिरवतील, असं त्याला वाटत होतं.

मठात महिनाभर संध्याकाळचं वरण बंद होतं. ज्वारी, डाळ, तेल, सगळंच कडाडलं होतं. म्हाताऱ्या भाकरी पाण्यात भिजवून खात होत्या. त्या समोरच बसल्या होत्या, पण आपल्या बिनचूक हिशेबाच्या नादात त्यांच्याकडे बघायचंही त्याला सुचलं नाही. संताप येतो तो याचाच.

“मोजलंस कसं?”

त्याने हौसेने समजावलं. माणूस जे जे विकत घेतो ते एका टोपलीत धरायचं आणि दरवर्षी त्या अख्ख्या टोपलीचा भाव पाहायचा. ज्वारी-डाळ फार चढली हे खरं, पण मोबाइल, टीव्ही स्वस्त झाले. एकातली वाढ दुसऱ्यात जिरली.

“टोपली कोणाची?”

“सरासरी माणसाची.”

“कुठे राहतो तो?”

“कुठेच नाही, माई. तो हिशेबापुरता असतो.”

“असं होय,” माई अगदी हळू म्हणाल्या.

त्यांचा राग मठाला माहीत होता. रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली जाई. भांडी घासणाऱ्या बाईचे हात थांबले.

“जेवून जा,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळची पंगत बसली. यशोधनच्या पानात माईंनी स्वतः अर्धी भाकरी वाढली. तो वरणाची वाट पाहत राहिला. माईंनी त्याच्या मांडीशी ठेवलेला मोबाइल उचलला, पदराने पुसला आणि भाकरीच्या शेजारी, वरणाच्या जागी वाढला.

“माई, हे...”

“जेव.”

त्याने खाली मान घालून अर्धी भाकरी संपवली. पोट भरलं नव्हतं. तरी तो हात धुवायला उठू लागला.

पंगतीतलं कोणीच उठलं नाही. म्हाताऱ्या त्याच्या पानाकडे बघत होत्या.

माईंनी खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं.

“या मठात पानात काही टाकायचं नाही. विसरलास?”